युद्धविराम, शस्त्रसंधी, युद्धबंदी आणि तह : लढाई थांबते तेव्हा नेमके काय थांबते?

प्रश्न : अक्षरयात्री

नमस्कार. विसाव्या शतकातील युद्धांवरच्या एका इतिहासग्रंथाचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे आणि गेले काही आठवडे चार शब्दांपाशी माझे काम अडले आहे. युद्धबंदी, युद्धविराम, शस्त्रसंधी आणि तह हे शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत इतक्या सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात की, मूळ ग्रंथकाराने जिथे जाणीवपूर्वक वेगवेगळे शब्द योजले आहेत, तिथे माझ्या अनुवादात सगळे एकच होऊन जाते. शब्दकोश पाहिले, पण ते एका शब्दासाठी दुसरा शब्द देतात आणि फिरून पहिल्याकडेच आणून सोडतात.

अडचण शब्दांपुरतीच असती तर मी इथे लिहिले नसते. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, परंतु व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजी. मधले साडेसात महिने युद्ध चालू होते की नव्हते? कोरियात २७ जुलै १९५३ रोजी जो करार झाला त्यानंतर तह झालाच नाही. मग ते युद्ध आजही चालू आहे असे म्हणायचे का? आणि ज्या कराराला आपण ‘तात्पुरता’ म्हणतो तो मोडला असे केव्हा समजावे? एखाद्या चौकीवरून कोणी गोळी झाडली म्हणजे तो मोडतो, की सरकारने तसे जाहीर केल्यावर? जाणकारांनी सविस्तर लिहावे, लांबले तरी चालेल.

उत्तर : सेतुबंध

लढाई आणि युद्ध हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि तुमच्या बहुतेक शंकांचे मूळ तिथे आहे. लढाई म्हणजे प्रत्यक्ष शस्त्र चालवणे. युद्ध म्हणजे दोन राज्ये एकमेकांची शत्रू आहेत ही कायद्याने मानलेली स्थिती, जिच्यात शत्रूची जहाजे अडवता येतात, त्याच्या सैनिकांना कैदेत ठेवता येते आणि त्याच्या व्यापलेल्या मुलखावर लष्करी अंमल चालवता येतो. लढाई थांबवण्याचा करार यांपैकी पहिल्या गोष्टीपुरता असतो. दुसरी स्थिती संपवण्याचे काम तहाचे. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा शांत झाल्या, पण जर्मनीची सागरी नाकेबंदी उठली नाही, कारण ती चालू राहील असे शस्त्रसंधीच्या अटींतच लिहिलेले होते. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्यानंतरही तो अमलात आला १० जानेवारी १९२० रोजी. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या साडेसात महिन्यांत लढाई नव्हती, युद्ध मात्र होते.

या विषयावरचे लिखित नियम १९०७ सालच्या हेग नियमावलीत कलम ३६ ते ४१ यांत आले आहेत आणि अनुवादकाने ते एकदा मुळातून वाचावेत इतके ते स्पष्ट आहेत. लष्करी कारवाया दोन्ही पक्षांच्या संमतीने स्थगित करणे, अशी शस्त्रसंधीची व्याख्या तिथे केली आहे. मुदत ठरलेली नसेल तर कोणताही पक्ष केव्हाही लढाई पुन्हा सुरू करू शकतो, मात्र ठरल्याप्रमाणे शत्रूला आधी सूचना दिली पाहिजे. शस्त्रसंधी संपूर्ण युद्धक्षेत्रासाठी असू शकते किंवा एखाद्या ठरावीक भागापुरती आणि ठरावीक तुकड्यांपुरती. संबंधित अधिकाऱ्यांना आणि सैन्याला ती वेळेवर आणि अधिकृतपणे कळवली गेली पाहिजे.

मोडण्याविषयी तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर कलम ४० आणि ४१ यांत आहे, आणि तिथे केलेला भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. एका पक्षाने कराराचा गंभीर भंग केला तर दुसऱ्याला करार रद्द करण्याचा हक्क मिळतो आणि प्रसंग निकडीचा असेल तर ताबडतोब लढाई सुरू करण्याचाही. पण व्यक्तींनी स्वतःच्या मनाने भंग केला असेल, तर दुसऱ्या पक्षाला केवळ अपराध्यांच्या शिक्षेची आणि झालेल्या नुकसानीच्या भरपाईची मागणी करता येते. म्हणजे चौकीवरच्या एका शिपायाच्या गोळीने करार मोडत नाही. त्या गोळीमागे आदेश होता का आणि आदेश देणारा कोण होता, यावर सारे ठरते. वृत्तपत्रांत ‘शस्त्रसंधीचे उल्लंघन’ हे शब्द येतात तेव्हा करार संपला असे नसून करार अजून जिवंत आहे असेच त्यातून निघते, कारण जे संपले आहे त्याचे उल्लंघन होऊ शकत नाही.

मुदतीचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील कॉंपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात मित्रराष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश आणि जर्मन प्रतिनिधी मात्थियास एर्त्सबर्गर यांनी ज्यावर सह्या केल्या, तो करार अवघ्या ३६ दिवसांचा होता. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशी तीनदा त्याची मुदत वाढवावी लागली. आज ज्याचे स्मारकदिन पाळले जातात तो करार मुळात एका महिन्यापेक्षा जेमतेम अधिक काळासाठी केलेला होता, ही गोष्ट तुमच्या ग्रंथात असेल तर ती अनुवादात हरवू देऊ नका.

दुसरी अट अधिकाराची. रणभूमीवरील सेनापती लढाई थांबवण्याचा करार करू शकतो. राज्याच्या वतीने मुलूख देण्याघेण्याचा तह करणे त्याच्या अधिकारात नसते. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी कोंडी केल्यावर इंग्रज फौजेने जो करार केला, त्यात १७७३ पासून मुंबईकर इंग्रजांनी मिळवलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले होते. फौज सुखरूप परतली आणि वॉरन हेस्टिंग्जने तो करार धुडकावला. करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता असे इंग्रजांच्या वरिष्ठांचे म्हणणे पडले. युद्ध पुढे चालले आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा कुठे मिटले. तेव्हा अनुवादात वडगावसाठी ‘करार’ आणि सालबाईसाठी ‘तह’ असा भेद मी तरी ठेवीन.

उत्तर : कालरेषा

सेतुबंध यांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे. हा भेद हेगच्या कितीतरी आधीचा आहे. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याने नेमका तुमचाच प्रश्न चर्चेला घेतला होता. त्याच्यापूर्वी रोमन विद्वान व्हॅरोने युद्धविरामाच्या दोन व्याख्या दिल्या होत्या : एक, काही दिवसांची छावणीतली शांतता, दुसरी, युद्धाची सुट्टी. गेलियस म्हणतो की या व्याख्या सुंदर आहेत पण पुरत्या नेमक्या नाहीत. युद्धविराम काही दिवसांचाच असतो असे नाही. रोमचे शत्रू असलेल्या सॅम्नाइटांच्या सेनानीने रोमच्या सर्वाधिकाऱ्याकडे (डिक्टेटरकडे) फक्त सहा तासांचा विराम मागितला होता. आणि त्याला शांतता म्हणणेही बरोबर नाही, कारण त्यात युद्ध राहते, झुंज तेवढी थांबते. सहा तासांची ही एक बाजू, तर दुसऱ्या बाजूला रोम आणि व्हेई या शहरांमध्ये इ. स. पू. ४७४ मध्ये झालेला ४० वर्षांचा विराम आहे. म्हणून कराराची जात त्याच्या लांबीवरून ठरत नाही. ‘तात्पुरता’ या शब्दाने आपल्याला थोड्या काळाचा असे वाटते. इथे त्याचा अर्थ ‘वाद न मिटवता केलेला’ असा घ्यावा लागेल.

आपल्या परंपरेत याचे सर्वांत हृद्य उदाहरण महाभारताच्या द्रोणपर्वात आहे, आणि ते फारसे कोणी या संदर्भात आठवत नाही. चौदाव्या दिवशी जयद्रथ पडला, तरी सूर्यास्ताला लढाई थांबली नाही; रात्रभर ती चालली आणि घटोत्कचही पडला. दोन्ही सैन्ये झोपेने इतकी अंध झाली की हातात शस्त्र धरवेना आणि आपला कोण, परका कोण हे कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्या आवाजात सर्वांना उद्देशून सांगितले की तुम्ही आणि तुमची वाहने थकली आहेत, इथेच रणभूमीवर थोडे झोपा, चंद्र उगवला की पुन्हा लढू. कौरवांच्या सेनेनेही ते मान्य केले, त्याला आशीर्वाद दिले, आणि हत्तींवर, घोड्यांवर, रथांत, जमिनीवर, जो जिथे होता तिथेच निजला. चंद्रोदय झाला, सैन्ये जागी झाली आणि लढाई पुन्हा जुंपली. उजाडलेल्या पंधराव्या दिवशी द्रोण मारले गेले.

या प्रसंगात चांगल्या युद्धविरामाची सगळी अंगे आहेत, असे मला नेहमी वाटत आले आहे. प्रस्ताव उघडपणे, दोन्ही सैन्यांना ऐकू जाईल असा मांडला गेला. समोरच्यांनी तो उघडपणे स्वीकारला. सैन्ये होती तिथेच राहिली, कोणी जागा बळकावली नाही. आणि विराम संपण्याची खूण अशी निवडली गेली की ती दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसेल आणि तिच्याविषयी कोणाला खोटे बोलता येणार नाही. वैर मात्र तसूभरही कमी झाले नव्हते, आणि तसे कोणी भासवलेही नाही.

संधी या शब्दाविषयीही सांगायला हवे. कौटिल्य षाड्गुण्याची, म्हणजे परराज्यांशी वागण्याच्या सहा उपायांची, चर्चा करताना संधीची व्याख्या ‘पणबंध’ अशी करतो, म्हणजे अटींनी बांधून घेणे. विग्रह म्हणजे अपकार, आणि आसन म्हणजे उपेक्षा, काही न करता बसून राहणे. शत्रूपेक्षा आपण क्षीण होत असू तर संधी करावी आणि वाढत असू तर विग्रह करावा, हा त्याचा सल्ला रोकडा आहे. शत्रुत्व जाहीर करून स्वस्थ बसणे आणि संधी करून स्वस्थ बसणे, असे आसनाचे दोन वेगळे प्रकार तो सांगतो. आज आपण ज्याला गोठलेला संघर्ष म्हणतो तो यांतल्या पहिल्या प्रकाराच्या किती जवळ आहे, याचा विचार करून पाहावा.

‘युद्धबंदी’ या शब्दाविषयी एक सूचना. मराठीत तो दारूबंदीसारखा घडलेला आहे, म्हणजे युद्ध बंद करणे. हिंदीत मात्र त्याच अक्षरांचा अर्थ युद्धकैदी असा होतो. हिंदी साधनांवरून काम करणाऱ्यांचे अनुवाद तपासताना मला हा घोटाळा एकाहून अधिक वेळा सापडला आहे.

प्रतिसाद : अक्षरयात्री

दोघांचेही मनापासून आभार. चंद्रोदयाचा प्रसंग मी लहानपणी ऐकला होता आणि पुढे विसरूनही गेलो होतो. आता एक उपशंका. माझ्या ग्रंथात डिसेंबर १९७१ विषयी सलग दोन वाक्यांत शरणागती आणि युद्धबंदी असे दोन वेगळे शब्द आले आहेत आणि ग्रंथकार त्यांत कुठेही गल्लत करीत नाही. शिवाय कोरियाविषयीचा माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे.

उत्तर : उत्तरायण

१९७१ चे उदाहरण भेद समजण्यास उत्तम आहे, कारण एकाच युद्धाच्या दोन आघाड्या दोन दिवसांत दोन वेगळ्या रीतींनी थांबल्या. ढाक्यात १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानच्या पूर्व कमांडने शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. शरणागतीत समोरच्याने शस्त्रे खाली ठेवायची, सैनिकांनी कैदेत जायचे आणि पुढचा निर्णय जेत्याच्या हाती सोपवायचा असतो; सुमारे ९३ हजार लोक युद्धकैदी झाले ते त्यामुळे. पश्चिमेकडे भारताने १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजल्यापासून एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि पाकिस्तानने ती मान्य केली. तिथे कोणी शस्त्रे ठेवली नाहीत आणि कोणी कैदेत गेले नाही. जो जिथे होता तिथे गोळीबार थांबला. पुढे २ जुलै १९७२ च्या सिमला करारात त्या युद्धबंदीतून निर्माण झालेली नियंत्रण रेषा दोघांनी पाळावी, परंतु त्यामुळे कोणाच्याही मूळ भूमिकेला बाध येऊ नये असे लिहिले गेले. ‘भूमिकेला बाध न येता’ ही शब्दयोजना अशा सर्व करारांचा प्राण असते. ती नसती तर कोणतेही सरकार सही करायला धजावले नसते, कारण रेषा मान्य केली म्हणजे हक्क सोडला असे घरच्यांनीच म्हटले असते.

आता सेतुबंध यांच्या एका विधानाशी माझा मतभेद आहे. लढाई थांबते आणि युद्ध राहते, हे १९१८ पर्यंत निर्विवाद खरे होते. १९४५ नंतर ते तितके खरे राहिलेले नाही. १९४९ मध्ये इस्राएलने इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी फेब्रुवारी ते जुलै या महिन्यांत शस्त्रसंधीचे चार वेगळे करार केले. त्यासाठी मध्यस्थी करणाऱ्या राल्फ बंच यांना १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. इजिप्तचे म्हणणे असे की, शस्त्रसंधी झाली तरी युद्धाची स्थिती कायम आहे, म्हणून इस्राएलकडे जाणारा माल सुएझ कालव्यात अडवण्याचा हक्क आम्हाला आहे. जुन्या शास्त्राप्रमाणे हे बिनतोड होते. पण सुरक्षा परिषदेने १ सप्टेंबर १९५१ च्या ठरावात ते फेटाळले. शस्त्रसंधीची व्यवस्था जवळजवळ अडीच वर्षे चालू आहे, ती स्थायी स्वरूपाची आहे, तेव्हा आपण अजून सक्रिय युद्धमान आहोत असे कोणत्याही पक्षाला म्हणता येणार नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे. इजिप्तने तो मानला नाही हेही खरे. तरी विचार बदलला होता. इजिप्तशी तह झाला तो मार्च १९७९ मध्ये आणि जॉर्डनशी ऑक्टोबर १९९४ मध्ये.

कोरियाचा करार याच नव्या प्रकारातला आहे. अंतिम शांततापूर्ण तोडगा निघेपर्यंत सर्व लढाई आणि सशस्त्र बळाचा वापर पूर्णपणे थांबवण्याचे त्यात लिहिले आहे. त्याला मुदत नाही. तो सेनापतींचा करार आहे, सरकारांचा नाही. एका बाजूने संयुक्त राष्ट्रांचे सैन्य आणि दुसऱ्या बाजूने उत्तर कोरियाचे सैन्य व चिनी स्वयंसेवक दल असे पक्ष होते. दक्षिण कोरियाने सही केलीच नाही. तीन महिन्यांच्या आत राजकीय परिषद भरवावी अशी शिफारस त्या सेनापतींनी करारातच केली होती. ती परिषद १९५४ मध्ये जिनिव्हात भरली आणि निष्फळ ठरली. म्हणून अनुवादात ‘कोरियाचे युद्ध १९५३ मध्ये संपले’ असे लिहू नये आणि ‘ते आजही चालू आहे’ असेही लिहू नये. ‘शस्त्रसंधीने थांबले, तहाने मिटले नाही’ एवढेच लिहावे.

उत्तर : सीमांत

माझी बरीचशी नोकरी सीमेवरच्या चौक्यांवर गेली, म्हणून वर न आलेल्या एका बाजूविषयी लिहितो. कराराचा अर्थ त्यातल्या तारखेत, वेळेत आणि रेषेत असतो. बाकीचे शब्द त्यासाठीच्या प्रस्तावनेसारखे.

वेळेचे पाहा. कॉंपियेन्यच्या करारावर पहाटे ५ वाजून काही मिनिटांनी सह्या झाल्या आणि तो अमलात येणार होता सकाळी ११ वाजता. मधले सहा तास शेकडो किलोमीटरच्या आघाडीवर प्रत्येक तुकडीपर्यंत आदेश पोहोचावा म्हणून ठेवलेले होते. त्या सहा तासांत हजारो माणसे मेली किंवा जखमी झाली. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक ११ ला एक मिनिट उरले असताना मारला गेला. कोरियात सकाळी १० वाजता सह्या झाल्या आणि गोळीबार थांबला रात्री १० वाजता. सही आणि शांतता यांच्यामधल्या या तासांविषयी इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ असते. जो खंदकात असतो त्याला ते तास आयुष्यभर पुरतात.

रेषेचे त्याहून अवघड. ‘जो जिथे आहे तिथे थांबेल’ असे ठरले की थांबण्याच्या क्षणापर्यंत प्रत्येकाला एक टेकडी पुढे असावे असे वाटते. कोरियात वाटाघाटी १० जुलै १९५१ रोजी सुरू झाल्या आणि दोन वर्षे चालल्या. त्या दोन वर्षांत लढाई थांबलेली नव्हती. शेवटी ज्या रेषेवर सैन्ये समोरासमोर होती तीच सीमांकन रेषा ठरली, दोघांनी तिच्यापासून दोन-दोन किलोमीटर मागे सरायचे ठरले, आणि चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा तयार झाला. इतका उशीर होण्याचे मुख्य कारण युद्धकैदी होते : ज्यांना परत जायचे नाही त्यांना सक्तीने पाठवायचे की नाही, यावर सगळे अडले होते. तो गुंता सोडवण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा जो आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. परत जाण्यास नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी त्या दलाच्या ताब्यात होते. हे काम आपल्या सैनिकांनी कोणाचीही बाजू न घेता केले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तिसरी गोष्ट देखरेखीची. करार पाळला जातो की नाही हे पाहणारा कोणी नसेल तर पहिल्या गोळीनंतर प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवते आणि खरे कोणाचे हे ठरवणारा कोणी उरत नाही. काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ पासून युद्धबंदी लागू झाली, पण ती रेषा नकाशावर नक्की करणारा कराची करार २७ जुलै १९४९ रोजी झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिच्यावर नेमले गेले. याच्या उलट नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर जी शस्त्रसंधी झाली तिचा औपचारिक लेखी करार नव्हता. तरी ती पहिली काही वर्षे चांगली टिकली, पुढे वारंवार मोडली, आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन्ही बाजूंच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी संयुक्त निवेदन काढून ती पाळण्याचे पुन्हा मान्य केले. १० मे २०२५ रोजी सायंकाळी ५ वाजल्यापासून जमीन, हवा आणि समुद्रावर सर्व गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याचे ठरले, तेही याच दोन अधिकाऱ्यांच्या दूरध्वनीवरील बोलण्यातून. लिहिलेला कागद नसला तरी चालते, असे मला म्हणायचे नाही; पण शत्रूच्या सेनाधिकाऱ्याशी बोलण्याची तार कधीही तुटू न देणे हे कागदाइतकेच मोलाचे आहे. गोळी का सुटली हे तासाभरात विचारता आले, तर तिला उत्तर म्हणून शंभर गोळ्या सुटत नाहीत.

उत्तर : शुश्रूषा

एक प्रकार राहून गेला आहे, ज्यात लढणाऱ्यांना आपापसांत काहीच मिळवायचे नसते. १९८५ मध्ये एल साल्वादोरमधील यादवी युद्ध ऐन भरात असताना लहान मुलांच्या लसीकरणासाठी सरकार आणि बंडखोर या दोघांनी ठरावीक दिवस लढाई थांबवली, आणि पुढेही दरवर्षी तसे होत राहिले. सुदानमध्ये १९९५ साली जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने नारू रोगाच्या निर्मूलनासाठी दोन महिन्यांचा विराम ठरला. तो वाढत वाढत जवळजवळ सहा महिने टिकला, आणि त्या काळात आरोग्य कार्यकर्त्यांना एरवी पोहोचता न येणाऱ्या गावांत पाणी गाळण्याची कापडे आणि औषधे नेता आली. युद्ध मात्र त्यानंतरही दहा वर्षे चालले.

असे विराम युद्ध लांबवतात, त्यात सैन्ये दम घेतात आणि दारूगोळा भरतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या सणासाठी विराम जाहीर झालेला असतानाच त्या युद्धातला तोपर्यंतचा सर्वांत मोठा हल्ला झाला, आणि त्यानंतर सणाच्या विरामावर कोण विश्वास ठेवणार होते? पांढरे निशाण दाखवून हल्ला करणे हा युद्धगुन्हा मानला जातो, तो याच कारणाने. तो केवळ समोरच्या तुकडीचा विश्वासघात नसतो; पुढच्या प्रत्येक निशाणाची किंमत त्यामुळे घटते, आणि ती किंमत बहुधा जखमी आणि मुले मोजतात. तरीही मी या विरामांच्या बाजूने आहे. युद्ध लांबेल या भीतीने आज हाताशी असलेली लस न टोचणे मला वैद्यक म्हणून मान्य होत नाही. लांबलेल्या युद्धाचा दोष ते चालवणाऱ्यांकडे जातो; न टोचलेल्या लसीचा दोष आपल्याकडे येतो.

अनुवादात अशा प्रसंगी ‘युद्धविराम’ हाच शब्द मला योग्य वाटतो. वाक्यात जसा विराम येतो तसा तो असतो : पुढे वाक्य चालू राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते.

प्रतिसाद : अक्षरयात्री

इतके लिहिल्याबद्दल कोणाचे किती आभार मानावेत कळत नाही. मी आता पुढीलप्रमाणे शब्द योजायचे ठरवले आहे. ठरावीक वेळेसाठी किंवा एखाद्या कारणापुरती लढाई थांबते तिथे युद्धविराम. गोळीबार थांबवण्याची नुसती आज्ञा किंवा घोषणा असेल तिथे युद्धबंदी, कारण ‘युद्धबंदी रेषा’ हा प्रयोग रूढच आहे. अटी, रेषा आणि देखरेख यांसह सेनापतींनी केलेला लेखी करार असेल तिथे शस्त्रसंधी. आणि युद्धाची स्थितीच संपवणारा राज्याराज्यांतला करार असेल तिथे तह. नियंत्रण रेषेच्या बाबतीत वृत्तपत्रांनी शस्त्रसंधी हा शब्द युद्धबंदीच्या अर्थी रुळवला आहे, तिथे मी वाचकांच्या सवयीविरुद्ध जाणार नाही. कैद्यांसाठी सर्वत्र युद्धकैदी.

एकच जागा मी मुद्दाम बदलणार नाही. ग्रंथात ११ नोव्हेंबर १९१८ च्या रात्री एका सैनिकाने आईला लिहिलेले पत्र आहे आणि त्यात तो ‘युद्ध संपले’ असे लिहितो. लेखकाच्या निवेदनात मी ‘लढाई थांबली’ असे केले आहे. पत्रात मात्र ‘युद्ध संपले’ असेच राहील. त्या पत्राच्या वेळी कराराचे ३६ दिवस नुकते सुरू झाले होते आणि ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उत्तर : सेतुबंध

उत्तरायण यांचा आक्षेप मला मान्य आहे. १९५१ चा ठराव माझ्या उत्तरात यायला हवा होता. पत्राविषयीचा तुमचा निर्णय योग्य आहे. फक्त त्या पानावर तळटीप देऊन कराराची मुदत सांगा, आणि ती पुढे तीनदा वाढली हेही सांगा.